द्रौपदीची फिर्याद

गिरगावात राहून मुंबई हायकोर्टात वकिली करणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत इंग्रजीतून सिद्ध केला, आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान लाभला. वकिलाने धर्माचा धांडोळा घ्यावा यात नवल ते काय? महाभारतातील अत्यंत तेजस्वी धर्मचर्चाही भर दरबारात गुदरलेल्या फिर्यादीतूनच उद्भवली आहे.

द्यूतसभेत ओढून आणलेली द्रौपदी कायद्याचाच मुद्दा उपस्थित करते: जो आधी स्वतःलाच हरला, त्याला पत्नी पणाला लावण्याचा अख्त्यार उरतो काय? धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून भीष्मांसारखे ज्ञानवृद्ध निवाडा टाळतात. दुर्योधनाचाच धाकटा बंधू विकर्ण मात्र उभा राहून, ती जिंकली गेलेली नाही, असे स्पष्ट बजावतो. पुढे विदुर प्रह्लादाची कथा सांगून सभेला जाब विचारतो. धर्म जाणूनही जो सभासद उत्तर देत नाही, तो असत्याच्या पापाचा अर्धा वाटेकरी होतो, असा त्याचा दाखला आहे. वय, नाते आणि मानमरातब यांच्या दडपणाखाली गप्प बसणाऱ्या प्रत्येक जाणत्याला तो दाखला आजही लागू पडतो.