एक गुंठा मुलांसाठी

पीकपाण्यावर लिहिणाऱ्या माणसाने आज मुलांच्या खेळाचा विषय कसा काढला, असे तुम्हांला वाटेल. त्याला माझीच एक चूक कारण आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पनवेल तालुक्यात तळोज्याजवळच्या एका गावी मी वालाचा प्रचार करीत होतो. भातकापणीनंतर राहिलेल्या ओलाव्यावर वाल चांगला येतो. शाळेशेजारचे सपाट खाचर मी निवडले. पीक उत्तम आले, पोरांच्या पोपटीलाही पुरले. पण मालक काका म्हणाले, "साहेब, वाल झाला. पोरं कुठं गेली, ते बघितलंत का?" दिवाळीपासून मेपर्यंत त्याच खाचरात गावची मुले हुतूतू खेळत. ती आता कारखान्यांकडे ट्रक जातात त्या रस्त्यावर खेळू लागली होती.

कोकणात पूर्वी मैदान वेगळे राखावे लागत नसे. भात निघाले की खाचरे मुलांचीच. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे या पट्ट्यात जमिनी संपादित झाल्या, औद्योगिक वसाहत आली. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली, २०२३ पासून पेंधरपर्यंत मेट्रो धावते. रोजगार आला, हे नाकारू नये. पण खाचरांबरोबर मुलांचे अंगणही गेले. मोबदल्याच्या हिशेबात ते कोणी धरल्याचे मी पाहिले नाही.

आता आपला हिशेब पाहा. मुलींचे व महिलांचे कबड्डीचे क्रीडांगण १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, म्हणजे ९६ चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरांचा. पुरुषांना १३ बाय १०, म्हणजे सव्वा गुंठा लागतो. खो-खोला मात्र २७ बाय १६, म्हणजे सव्वाचार गुंठे हवेत. तेवढे सोडा, असे मी कोणाला सांगणार नाही. एका गुंठ्यातला ओलाव्यावरचा वाल म्हणजे फार तर पाच-दहा किलो.

पुढच्या वर्षी काकांनी शाळेकडचा गुंठा सोडला. बघ्यांना उभे राहायला बांध होताच. धसकटे आम्ही खणून काढली. नुसती कापली तर पायात शिरतात. हलकी नांगरट केली, ढेकळे फोडली, खडे वेचले, चाळलेले कुजके शेणखत मिसळले. मळणीच्या खळ्यासारखी जमीन चोपू नये, गुडघे फुटतात. संध्याकाळी पाणी शिंपडावे. रेषा राखेने आखाव्यात. चुना डोळ्यांत गेला तर इजा करतो. शेणखताच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून मुलांच्या लसी पूर्ण असाव्यात आणि खरचटले तर लगेच साबणाने धुवावे.

जागा झाली तरी मुली येईनात. त्या वेळी त्यांच्या हाती हंडा नाहीतर धाकटे भावंड असे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते. तेवढा वेळ मुलीला मिळायचा तर तो हंडा घरात दुसऱ्या कोणी उचलला पाहिजे. भावाने उचलला तर उत्तमच. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ही बातमी मी सभांत सांगतो तेव्हा मागे बसलेल्या आया पुढे सरकतात.

काकांना एकच धास्ती होती, तुडवून जमीन घट्ट होईल. घट्ट झालीही. पण जूनमध्ये चिखलणी केली आणि सारे खाचर सारखे झाले. लावणीच्या दिवशी तीन-चार पोरे बांधावर उभी राहून, आपल्या मधल्या रेषेवर कोणती रोपे पडतात ते बघत होती.