धुरावाचून अग्नी : मधुमेह ओळखताना आणि सांभाळताना

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाचा माणूस मधुमेहावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आमच्या नावामागे डॉक्टर लागतं खरं, पण त्या डॉक्टरकीने कुणाचा साधा ताप उतरलेला नाही. तेव्हा गोळ्यांची मात्रा आम्ही सांगणार नाही, ती आपापल्या डॉक्टरांना विचारा. मात्र गेली सोळा वर्षं हा आजार आमच्या अंगात मुक्कामाला आहे, आणि तो ओळखताना आम्ही जी चूक केली ती तर्कशास्त्रातली होती. त्या चुकीवर बोलायचा अधिकार आम्हाला आहे, असं आम्ही समजतो.

न्यायदर्शनातलं पर्वतावरच्या धुराचं उदाहरण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. जिथे धूर तिथे अग्नी. पण जिथे अग्नी तिथे धूर, असं उलटं म्हणता येत नाही. का? तर भट्टीत तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. हे आम्ही वर्गात तीस वर्षं शिकवलं. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी एका तपासणी शिबिरात आमची उपाशीपोटीची साखर १३८ निघाली, तेव्हा आम्ही काय म्हटलं? तहान लागत नाही, रात्री उठावं लागत नाही, वजन घटलेलं नाही, जिने चढताना दम लागत नाही. म्हणजे मधुमेह नाही. यंत्र चुकलं असेल. धूर दिसत नाही, सबब अग्नी नाही! विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर आम्ही शून्य गुण दिले असते. स्वतःला मात्र चार वर्षं पास करत राहिलो.

चार वर्षांनी मंडईतून घरी आलो, चपला काढल्या, तर सौ. म्हणाल्या, "अहो, फरशीवर हे लाल काय?" चपलेच्या तळातून चांभारी चुका वर आला होता आणि तो टाचेत रुतवत आम्ही अर्धा तास चाललो होतो. दुखलंच नाही. ती जखम भरायला दोन महिने लागले. डॉक्टरांनी आम्हाला डोळे मिटायला सांगितले, नायलॉनचा एक दोरा तळपायाला ठिकठिकाणी टेकवला आणि लागला की सांगा म्हणाले. आम्ही गप्प. आम्हाला वाटलं, त्यांनी अजून सुरुवातच केली नाही.

असं का होतं? रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती बाहेर सोडत नाही. तोवर गाळलेली सगळी साखर परत घेतली जाते. पुढे ती लघवीत उतरते, जाताना पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वारंवार आणि म्हणून तहान. चरकसंहितेत प्रमेहाच्या लक्षणांत लघवीकडे मुंग्या येतात हे नोंदवलं आहे, आणि हातापायांची आग व बधिरपणाही. निरीक्षण अचूकच. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्लिश वैद्याने रुग्णाची लघवी आटवून तळाशी साखर राहते हे दाखवलं. पण मुंगी येते १८० ओलांडल्यावर. आजार म्हणायचा तो उपाशीपोटी १२६ पासून. मधल्या काळात आपल्याला काही जाणवत नाही आणि डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा मात्र झिजत असतात.

तेव्हा आकडे सांगतो, लिहून घ्या. आठ तासांच्या उपासानंतर १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ ही मधुमेहाची पायरी, १२६ किंवा वर मधुमेह. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा वर, तर मधुमेह. तिसरी तपासणी एचबीए१सी. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तिच्यावर साखर चिकटत राहते, म्हणून तिथे गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. ६.५ टक्के किंवा वर मधुमेह. रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवतो, डॉक्टरांना तसं सांगावं. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निकाल देत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. आम्ही ती पुन्हा केली नाही. गुन्हा तो.

आमचा दुसरा युक्तिवाद असा, की आम्ही शिडशिडीत, आम्हाला कसला मधुमेह! पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचं उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं, निर्देशांक २२.३. पण चरबी युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडचा बारीक माणूस आतून बारीक असतोच असं नाही. काट्यापेक्षा कंबरेची टेप खरं बोलते. पुरुषांची नव्वद आणि बायकांची ऐंशी सेंटिमीटरपर्यंत असावी. तिशी उलटली की तपासणी करावीच. आई-वडिलांना असेल, किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल, तर टाळाटाळ नको. मानेवर काळपट मखमली पट्टा, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलणं, जखम रेंगाळणं, हीही निमित्तं पुरेत.

आता सांभाळण्याचं. हा आजार स्वयंपाकघरात सांभाळला जातो, आणि तिथे गैरसमज फार. साखर सोडून गूळ घेतला म्हणजे सुटलो, हा पहिला. रक्ताला गुळाचा पिवळा रंग कळत नाही. भाकरीने साखर वाढत नाही, हा दुसरा. ज्वारीत तंतू जास्त हे खरं, पण पिष्टही आहेच, आणि पोळ्या दोन खाणारा माणूस भाकरी तीन खातो. आमच्या घरी ताटाचा क्रम बदलला, तेवढ्याने फरक पडला. आधी काकडी-कोशिंबीर, पालेभाजी, मग उसळ किंवा घट्ट वरण, आणि भात शेवटी, तोही एकच मूद. जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चालायचं. आजी शतपावली म्हणायची, शंभर पावलांत आमचं भागत नाही एवढंच. चालताना स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर बघा. कुठला पदार्थ आपल्याला किती चढतो हे त्यातून कळतं. आम्हाला पोह्यांनी जेवढं दगा दिला तेवढा आंब्याच्या दोन फोडींनी नाही.

दगा दुसऱ्या बाजूनेही होतो. गोळी किंवा इन्शुलिन घेतलं आणि जेवण लांबलं, तर साखर ७० च्या खाली जाते. घाम, थरथर, धडधड, आणि विनाकारण चिडचिड. घरात कुणी अचानक भांडायला लागलं तर आधी बोटाला सुई लावा, मग उत्तर द्या! तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं. पेढा नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

पाय रोज रात्री बघावेत, बोटांच्या बेचक्यांसकट. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा. चपलेत पाय घालण्याआधी आत हात फिरवावा. वैशाखात देवळाच्या तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नये. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतली प्रथिनं वर्षातून एकदा तपासावीत, चांगलं दिसत असलं तरी.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली : "कारल्याचा रस सुरू केल्यापासून बरं वाटतं, गोळी बंद करू का?" बरं तर आम्हालाही चार वर्षं वाटत होतं. साखर मोजा, आकडे डॉक्टरांना दाखवा, गोळीचं ते ठरवतील. दुसरी चिठ्ठी एका भगिनींची : "एकादशीला साबुदाणा चालेल का?" साबुदाणा जवळजवळ नुसतं पिष्ट आहे. वरीचे तांदूळ घ्या, थोडेच, सोबत शेंगदाण्याची आमटी आणि काकडी. पण त्याहून महत्त्वाचं, त्या दिवशी सकाळची गोळी नेहमीसारखी घ्यायची की नाही, हे दशमीलाच विचारून ठेवा.