उपाशी निळाई

भूमध्य समुद्र म्हटला की मराठी वाचकाला विलायतेच्या आगबोटी आठवतात. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि बॅरिस्टर व्हायला निघालेली आपली तरुण मंडळी मुंबईहून एडन, सुएझ, पोर्ट सैद असा मुक्काम करीत या समुद्रातून जाऊ लागली. वाटेतली बेटे त्यांनी पाहिली ती डेकवर उभे राहून, लांबून. बोटीला तेथे थांबण्याचे कारण नव्हते आणि त्यांनाही पुढे गाठायचे होते ते लंडन. आता विलायतेला बोटीने कोणी जात नाही. मात्र त्याच समुद्रात सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या सहलीच्या बोटी उदंड झाल्या आहेत. आजोबांनी लांबून पाहिलेली बेटे नातवंडांना पायाखाली घालता येतात, ती अशी!

गेल्या मे महिन्यात आम्ही अशीच एक सफर केली. आम्ही म्हणजे मी, आमच्या सौ., कॉलेजच्या उंबरठ्यावर उभी असलेली कन्या आणि आमचे यजमान, म्हणजे जर्मनीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेले साडूभाऊ व मेहुणी. ग्रीस देशाच्या क्रीट बेटावर आठवडाभर राहायचा बेत त्यांनीच आखला होता. या सफरीत पाच माणसांखेरीज आमच्याबरोबर आणखी एक सोबती होता. तो म्हणजे साडूभाऊंच्या मोबाइलवर मालवणहून आलेला एक कागद. माझ्या सासऱ्यांमागे खाजणाकाठची थोडी जमीन दोघी बहिणींच्या नावे झाली आहे. तेथे पर्यटकांसाठी बंगल्या बांधू इच्छिणाऱ्या एका गृहस्थाने बऱ्यापैकी रक्कम देऊ केली होती. दोघींची संमती तेवढी कळवायची होती.

क्रीटचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पूर्व-पश्चिम अडीचशे किलोमीटरांहून लांब असे हे निमुळते बेट. त्याच्या वायव्य कोपऱ्यात सशाच्या दोन कानांसारखी दोन द्वीपकल्पे समुद्रात घुसली आहेत. त्या दोन कानांमधल्या उपसागरावर किसामोस नावाचे लहानसे गाव वसले आहे. गावाच्या पश्चिमेला बंदर आहे. सकाळी तेथल्या धक्क्यावरून आमची बोट सुटली आणि पश्चिमेकडच्या कानाच्या कडेकडेने उत्तरेला निघाली. तासाभराचा प्रवास. डाव्या हाताला उघडेबोडके डोंगर, त्यावर खुरटी झुडपे आणि कोठे कोठे शेळ्या. उजव्या हाताला मात्र असे निळे पाणी, की कपडे धुताना पाण्यात निळीची पुरचुंडी जरा जास्तच बुडवून ठेवली असावी!

या कड्यांवर पाण्यापासून पाच-सहा मीटर उंच एक गडद रेघ दिसते. भिंतीला ओल चढून गेल्यावर राहते तशी. बोटीवरच्या मार्गदर्शक मुलीने ध्वनिक्षेपकावरून सांगितले, की हा जुना समुद्रकिनारा! इ. स. ३६५ च्या जुलै महिन्यात येथे प्रचंड भूकंप झाला. त्यात क्रीटचा पश्चिम भाग समुद्रातून वर उचलला गेला, काही ठिकाणी तर तब्बल नऊ मीटर. त्या वेळी उठलेल्या लाटांनी दूर इजिप्तमधले अलेक्झांड्रिया शहर बुडवले. याच द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूला फालासार्ना नावाचे प्राचीन बंदर होते. त्याची गोदी आज कोरड्या जमिनीत उघडी पडली आहे. जहाजे बांधायचे दगड तेथे अजून आहेत, पण समुद्र दूर निघून गेला आहे.

कन्येचे लक्ष भूकंपापेक्षा पाण्याकडे होते. कठड्यावरून वाकून तिने विचारले, “बाबा, आपला समुद्र असा का नाही? मालवणला गुडघाभर पाण्यात स्वतःची पावलं दिसत नाहीत. इथं तर बोटीखालचा तळ दिसतोय.”

“तेच म्हणतो मी!” साडूभाऊ म्हणाले. “असलं पाणी आपल्याकडे असतं, तर त्या गृहस्थानं दुप्पट भाव दिला असता.”

मराठीच्या प्राध्यापकाला समुद्रशास्त्र विचारणे हा तसा अन्यायच. पण मागे थोडे वाचलेले होते आणि उरलेले त्या मार्गदर्शक मुलीने पुरवले. भूमध्य समुद्राला नद्यांचे आणि पावसाचे पाणी मिळते त्याहून अधिक पाणी उन्हाने आटून जाते. तूट भरून काढायला जिब्राल्टरच्या अरुंद दारातून अटलांटिकचे वरवरचे पाणी आत येते. सागरी वनस्पतींना लागणारे खत त्या पाण्यात आधीच थोडे असते आणि पूर्वेकडे येता येता तेही संपते. उलट आतले खारट, जड झालेले पाणी खोलातून बाहेर पडते, ते शिल्लक खत बरोबर घेऊन. म्हणजे मिळकत थोडी आणि गळती सततची! त्यामुळे क्रीटच्या आसपास पाण्यात सूक्ष्म वनस्पती फारशा वाढत नाहीत. त्या नाहीत म्हणून पाणी आरशासारखे स्वच्छ, आणि त्या नाहीत म्हणूनच मासळीही बेताची. ही निळाई म्हणजे उपाशी निळाई आहे.

आपल्या कोकणचा समुद्र गढूळ दिसतो तो पोट भरलेले असल्यामुळे. सह्याद्रीवरून धावत येणाऱ्या नद्या त्यात गाळ ओततात, पावसाळी वारे अरबी समुद्र ढवळून काढतात, आणि त्या हिरवट, मळकट पाण्यात बांगडा, तारली, कोळंबी यांची पंगत बसते. आदल्या रात्रीच किसामोसच्या खानावळीत याचा पडताळा आला होता. मासा तेथे किलोच्या भावाने सांगतात. तो भाव ऐकून जन्माने मालवणी असलेल्या साडूभाऊंनी मुकाट्याने वांग्याची भाजी मागवली होती.

इतक्यात बेट आले. नाव इमेरी ग्रामवूसा. ‘इमेरी’ म्हणजे माणसाळलेली. शेजारीच उत्तरेला आणखी एक खडकाळ बेट आहे, ती ‘अग्रिया’, म्हणजे रानटी ग्रामवूसा. माणसाळलेल्या ग्रामवूसाच्या माथ्यावर, समुद्रापासून १३७ मीटर उंचीवर, व्हेनिसच्या लोकांनी बांधलेला किल्ला आहे. बांधकाम १५७९ ते १५८४ असे चालले. बोटीतली बरीच मंडळी खालच्या लहानशा पुळणीवरच पसरली. पण किल्ला दिसला आणि मराठी माणूस खाली बसला, असे कसे व्हायचे? सौ.नी पदर खोचला, कन्या पुढे धावली आणि आम्ही पायऱ्या चढू लागलो. वाटेत सावलीचे नाव नाही.

वर तट बऱ्याच अंशी शाबूत आहे. आत एक लहान चर्च आणि पावसाचे पाणी साठवायची टाकी आहेत. आपला सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या काळात उभा राहिला. भर खाऱ्या समुद्रात असूनही त्याच्या पोटात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. येथे मात्र आभाळातून पडेल तेवढेच पाणी. अन्न तर बाहेरूनच आणावे लागे.

तुर्कांनी १६६९ साली व्हेनिसकडून क्रीट जिंकले, तरी तहानुसार तीन सागरी किल्ले व्हेनिसकडेच राहिले. ग्रामवूसा त्यांतला एक. त्यानंतर तो पडला तो तोफांनी नव्हे. १६९१ साली किल्ल्यातल्याच एका कप्तानाने तुर्कांकडून पैसा घेऊन दरवाजे उघडले. किल्ल्यांच्या इतिहासावर वाढलेल्या आपल्या वाचकांना फितुरीची ही गोष्ट काही परकी वाटणार नाही.

पुढे ग्रीकांचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. १८२५ साली क्रीटच्या बंडखोरांनी तुर्की वेष घेऊन हा किल्ला हस्तगत केला. जिवाच्या भीतीने पळालेली कुटुंबेही येथे आली आणि या खडकावर सुमारे तीन हजार माणसे राहू लागली. त्यांनी मुलांसाठी शाळा काढली, चर्च बांधले. पण खायचे काय? पिकायला माती नाही, जाळ्यात पुरेशी मासळी नाही. समोरून मात्र मालाने भरलेली गलबते रोज जातात. माणसे चाचे झाली. त्यांच्या चर्चचे नाव होते ‘पानायिया क्लेफ्त्रिना’, आपल्या भाषेत सांगायचे तर ‘चोरांची माउली’. लूट वाढली तशी ओरड झाली. १८२८ च्या जानेवारीत नव्या ग्रीसचे अध्यक्ष कापोदिस्त्रियास यांच्या संमतीने इंग्रज व फ्रेंच आरमार येथे आले आणि त्याने चाच्यांची गलबते नष्ट केली. त्या गडबडीत ‘केंब्रियन’ ही इंग्रजांची लढाऊ फ्रिगेट आपल्याच एका जहाजावर आदळून या खडकांत बुडाली. आजही खाली पुळणीजवळ एक गंजलेले गलबत कलंडलेले दिसते. पण त्याचा चाच्यांशी संबंध नाही. १९६७ साली लिबियाकडे सिमेंट घेऊन निघालेली ती मालवाहू बोट वादळात येथे लागली, ती कायमचीच.

तटावर बसून आम्ही शिदोरी सोडली. सौ.नी पहाटे उठून दशम्या केल्या होत्या. खाता खाता मेहुणी म्हणाली, “चाच्यांच्या बायकांनी इथं रोज संध्याकाळी चुलीवर काय चढवलं असेल गं ताई?” सौ. काही बोलल्या नाहीत. त्या खाली रिकाम्या समुद्राकडे पाहत होत्या.

दुपारी बोटीने आम्हांला समोर बालोसला नेले. मुख्य भूमी आणि तिगानी नावाचा एक खडक यांच्यामध्ये वाळूचे बांध पडून येथे उथळ पाणी अडले आहे. जाहिरातीतली चित्रे अतिशयोक्ती करतात असा आपला अनुभव असतो. येथे ती कमीच पडतात. पांढऱ्या वाळूवर घोट्याएवढे पाणी जवळजवळ रंगहीन, गुडघ्यापाशी पोपटी, कमरेपाशी मोरपंखी आणि त्यापलीकडे गर्द निळे. काठाला चुरलेल्या शिंपल्यांनी वाळूवर गुलाबी छटा आली आहे. मे महिन्यात पाणी गारच होते, पण साडूभाऊ आणि कन्या त्यात तासभर बसून राहिली.

भूगोलाच्या मराठी पुस्तकांत अशा जागेला ‘खाजण’ म्हणतात. शब्द बरोबर आहे. पण तो उच्चारताच आम्हा दोघा नवराबायकोंच्या डोळ्यांपुढे जे आले ते बालोस नव्हते. आमचे खाजण म्हणजे चिखल, तिवरांची मुळे, भरतीला येणारा खारा वास, ओहोटीला बिळांतून डोकावणाऱ्या कुर्ल्या आणि कोयत्या घेऊन खडकावरची कालवे काढायला बसलेल्या बायका. त्याचे चित्र कोणी भिंतीवर लावणार नाही. पण त्या चिखलातून रोज कोणाच्या तरी घरची आमटी निघते.

बालोसवर पाट्या आहेत, बोटीवर सूचना होतात. वाळू-शिंपले नेऊ नका, झुडपे तुडवू नका. ग्रामवूसावर रात्रीचा मुक्काम आणि विस्तव दोन्ही मना आहेत. हा सारा टापू युरोपच्या संरक्षित क्षेत्रांत मोडतो. येथल्या कड्यांवर एलिओनोराचा ससाणा नावाचा पक्षी घरटी करतो. त्याची तऱ्हा पाहा. इतर पक्षी वसंतात पिले वाढवतात. हा उन्हाळा सरता सरता वाढवतो. कारण त्या सुमारास युरोपातले लहान पक्षी आफ्रिकेकडे निघतात. समुद्रावरून दमून येणाऱ्या त्या प्रवाशांना गाठायचे आणि पिलांना भरवायचे, हा त्याचा संसार. ऋतू संपला की स्वतःही मादागास्करला निघून जायचे.

परतीच्या वाटेवर मी हे सांगत होतो, तेव्हा सौ. एकदम म्हणाल्या, “अहो, म्हणजे इथं सगळ्यांनीच येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पोट भरलं की! ससाण्यानं, चाच्यांनी आणि आता या बोटवाल्यांनी.”

“बोटवाले तिकीट देतात हो ताई,” साडूभाऊ हसून म्हणाले.

“तेच म्हणते मी भावोजी. यांनी चोरी सोडून चांगला धंदा धरला, कौतुकच आहे. पण यांच्या समुद्रात दुसरं काही नव्हतं. आपल्या खाजणात आहे. ते बुजवून तिथं बंगल्या उठल्या, की आपलीही माणसं रस्त्याकडे डोळे लावून बसणार, पाहुणे येतात का म्हणून. आणि एखादं वर्ष पाहुणे आलेच नाहीत तर?”

साडूभाऊंनी हिशेबाच्या दोन गोष्टी सांगितल्या. त्या खोट्या नव्हत्या. जमीन पडून आहे, बघायला कोणी नाही, खाऱ्या पाण्याने बांध दरवर्षी फुटतो. मालवणात पर्यटकांमुळे कित्येक घरांना बरे दिवस आले, हेही खरे. मी मध्ये पडलो नाही. जमीन माझी नव्हे.

मेहुणी इतका वेळ गप्प होती. तिने बहिणीकडे पाहून हळूच मालवणीत विचारले, “ताई, कुर्ल्यो आठवतत गो?”

सौ. नुसत्या हसल्या.

किसामोसच्या धक्क्यावर उतरल्यावर मेहुणीने साडूभाऊंकडून मोबाइल मागून घेतला आणि मालवणच्या गृहस्थांना दोघींच्या वतीने दोन ओळींचा नकार कळवला. साडूभाऊंनी तो वाचला, मान हलवली आणि म्हणाले, “बरं. मग यंदा बांध आपणच घालू. माणसाला खर्च किती येतो, तेवढं विचारून ठेवा.”