सोलारिस : रहस्य, प्रेम आणि पुरावा

प्रेम, रहस्य आणि विज्ञान ही तीन सूत्रे एकाच कादंबरीत गुंफली की, विज्ञान बहुधा नेपथ्यापुरते उरते. पोलिश लेखक स्तानिस्लाव्ह लेम यांची ‘सोलारिस’ (१९६१) ही कादंबरी त्यास अपवाद होय.

सोलारिस हा दोन सूर्यांभोवती फिरणारा ग्रह. अशी कक्षा स्थिर राहू नये, असे कथेतील शास्त्रज्ञांचे गणित सांगते. पण ग्रहावरील सजीव समुद्रच ती सावरून धरतो. (दोन सूर्यांभोवती फिरणारा केप्लर-१६बी हा खराखुरा ग्रह २०११ मध्ये सापडला. ताऱ्यांपासून पुरेसे अंतर असले की, अशी कक्षा समुद्रावाचूनही टिकते.)

मानसशास्त्रज्ञ केल्व्हिन तेथील स्थानकात पोचतो तो जुना सहकारी गिबारियन मरण पावलेला, आणि उरलेले दोघे काही सांगावयास तयार नाहीत. तेथे नसावीत अशी माणसे मात्र दिसतात. आपणांस वेड तर लागले नाही ना? केल्व्हिन याची परीक्षा घेतो. उपग्रहाकडून त्याच्या मार्गाचे आकडे मागवून तो न पाहता बाजूस ठेवतो, तेच गणित गणकयंत्राकडून करवितो आणि मग दोन्ही उत्तरे ताडून पाहतो. भ्रमिष्ट मन माणसे निर्माण करील. इतके किचकट गणित त्यास साधणार नाही. उत्तरे चार दशांश स्थळांपर्यंत जुळतात! रहस्यकथांतून इतका निर्मळ पुरावा क्वचितच आढळतो.

मग हारेय येते. केल्व्हिनची ही प्रिया दहा वर्षांपूर्वीच, त्याच्याशी झालेल्या भांडणानंतर, आत्मघाताने गेलेली. तिच्या पोशाखाच्या गुंड्या केवळ शोभेच्या. तो कापूनच काढावा लागतो. समुद्राने तिला केल्व्हिनच्या स्मृतीवरून घडविले आहे. तिचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली मानवी दिसते, पण खोलवर, जेथे अणू दिसावेत तेथे, काहीच नाही. ती न्यूट्रिनोंची बनली असावी, असा तर्क निघतो. पाउली यांनी १९३० मध्ये कल्पिलेला हा कण प्रयोगाने सिद्ध झाला १९५६ मध्ये. न्यूट्रिनोंचे शरीर बनणे ही अर्थात लेखकाची कल्पना.

कादंबरीची खरी उंची पुढे आहे. गिबारियनची ध्वनिफीत चोरून ऐकून हारेय स्वतःच स्वतःचा शोध घेते. आपण ‘ती’ नव्हे, हे कळूनही तिचे प्रेम ओसरत नाही, केल्व्हिनचेही नाही.

१९७० मधील इंग्रजी अनुवाद फ्रेंचवरून झालेला. त्यात हारेयच्या नावाची अक्षरे उलटसुलट करून तिची ‘रेया’ झाली. भाषांतरकारास हे खटकल्यावाचून राहत नाही.

अखेर ती केल्व्हिनला न सांगता स्वतःचा विलय करवून घेते. तो समुद्राकाठी उतरून लाटेपुढे हात धरतो. लाट हाताभोवती वेष्टन घालते, पण मध्ये हवेचा पातळ थर राखून.