पायाखालचं जंगल

काळा स्प्रूस हे दिसायला अगदीच गरीब झाड. अलास्कात फेअरबँक्सच्या आसपासच्या पाणथळ उतारांवर ते लाखोंनी उभं असतं, पण त्याच्याकडे पाहून कुणी थबकत नाही. मनगटाएवढं खोड, आखूड आणि खाली झुकलेल्या फांद्या आणि शेंड्याला शंकूंचा गच्च झुपका. फांद्यांवर करड्या लायकेनच्या जटा लोंबत असतात. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच लायकेनांच्या कुळातलं. असा एखादा बुंधा आडवा कापून भिंगाखाली धरला, तर पाच-सात सेंटीमीटरच्या व्यासात शंभराहून अधिक वर्तुळं भरतात. वर्षाला अर्धा मिलिमीटरही न वाढता हे झाड शतक काढतं आणि अलास्कापासून न्यूफाउंडलंडपर्यंत उत्तर अमेरिका खंडाचा उत्तरेकडचा पट्टा व्यापून राहतं.

रशिया, स्कँडिनेव्हिया, अलास्का आणि कॅनडा यांना जोडणारा सूचीपर्णी जंगलांचा पट्टा म्हणजे बोरिअल जंगल, अर्थात तैगा. जगाच्या एकूण वनक्षेत्रापैकी पाव हिश्शाहून अधिक क्षेत्र या पट्ट्यात येतं. आपल्याला तो फार दूरचा वाटतो. पण भारतीय वृत्तपत्रांना लागणाऱ्या आयात कागदात कॅनडा आणि रशियाचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे, आणि लांब धाग्यांमुळे काळ्या स्प्रूसचा लगदा कॅनडातल्या कागद गिरण्यांना नेहमीच हवासा वाटत आला आहे. सकाळच्या चहाबरोबर हे जंगल आपल्याही हातात येऊन गेलेलं असण्याची बरीच शक्यता आहे.

हवामान तापतं, वणवे वाढतात, जंगल जळतं, ही गोष्ट आपण वाचलेली असते. काळ्या स्प्रूसची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. आगीत जळणं त्याला नवं नाही. जळल्याशिवाय त्याचं नीट चालतही नाही. बदललं आहे ते आगीचं वेळापत्रक आणि तिची खोली. या जंगलाचं पुढे काय होणार, याचा निकाल खोडात लागत नाही. तो पायाखालच्या काही सेंटीमीटर जाडीच्या थरात लागतो.

शेंड्यावरचं बियाणं

शेंड्यावरचा तो झुपका ही काळ्या स्प्रूसची बियाण्यांची कोठी. तिथले शंकू राळेने चिकटून बंद राहतात. अधूनमधून थोडं बी सांडतं, पण बराचसा साठा वर्षानुवर्षे तसाच राहतो. वणवा आला की ज्वाळा खालच्या फांद्यांवरून शेंड्यापर्यंत चढतात, झाड मरतं, राळ वितळते आणि शंकू उघडतात. मग मेलेल्या झाडांच्या शेंड्यांवरून पुढची काही वर्षं चिमुकलं, पंखवालं बी काळ्या जमिनीवर पडत राहतं. जळालेल्या रानात पहिल्यांदा पेरणी होते ती अशी, मेलेल्या झाडांच्या हातून.

या पद्धतीला दोन अटी आहेत. एक, झाडाला पुरेसं बी धरायला काही दशकं मिळाली पाहिजेत. म्हणजे दोन आगींमध्ये मोठं अंतर हवं. दुसरी, आगीने जमीन फार खोल जाळता कामा नये. साधारण शंभर वर्षांच्या अंतराने येणारी, वरवर चाटून जाणारी आग या दोन्ही अटी पाळत असे. अलास्कातल्या तळ्यांच्या गाळात साठलेल्या कोळशाच्या कणांवरून शास्त्रज्ञांनी तिथल्या आगींचा हजारो वर्षांचा इतिहास वाचला आहे. काळा स्प्रूस तिथे पसरला तसे वणवेही वाढले, आणि त्याच वणव्यांनी त्याला इतर झाडांच्या पुढे ठेवलं. युकॉन फ्लॅट्स भागातल्या गाळाचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की तिथले अलीकडचे वणवे गेल्या दहा हजार वर्षांच्या चढउतारांची मर्यादा ओलांडून गेले आहेत.

मॉस, पीट आणि गोठलेली जमीन

काळ्या स्प्रूसच्या रानात चालणं कष्टाचं असतं. पाय घोट्यापर्यंत रुततो, पण मातीत नाही. जमिनीवर मॉस या बिनफुलाच्या हिरव्या वनस्पतीचा जाड थर असतो. वरच्या अंगाला तो जिवंत. खाली तपकिरी, मेलेला, अर्धवट कुजलेला; हेच पीट. गारठ्यात आणि ओलीत कुजण्याची क्रिया इतकी मंद चालते की दर वर्षीची भर खालच्या थरावर चढत जाते. त्याच्याही खाली अनेक ठिकाणी पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे न वितळणारी गोठलेली जमीन असते. उन्हाळ्याची ऊब मॉसमधून खाली झिरपत नाही, म्हणून ती गोठलेली राहते. ती गोठलेली राहते म्हणून पाणी खाली निचरत नाही. वर ओल टिकते, ओलीत मॉस वाढतं, आणि अशा गार, ओल्या, उपाशी जमिनीवर तग धरण्यात काळ्या स्प्रूसचा हात धरणारं दुसरं झाड तिथे जवळपास नाही. एकाने दुसऱ्याला धरून ठेवावं, अशी ही साखळी आहे.

आणि कार्बन आहे तो इथेच. उष्ण कटिबंधातल्या जंगलाचा साठा बराचसा खोडा-फांद्यांत दिसतो. बोरिअल जंगलाचा मुख्य साठा जमिनीत दडलेला असतो. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशातल्या मातीत मिळून आजच्या वातावरणात आहे त्याच्या साधारण दुप्पट कार्बन आहे. झाडं मोजून या जंगलाची श्रीमंती कळत नाही ती त्यामुळे.

मुळांनी जपलेली खूण

2004 च्या उन्हाळ्यात अलास्कात सुमारे 27 लाख हेक्टर क्षेत्र जळलं. नोंदी ठेवायला लागल्यापासून तिथला हा सर्वांत मोठा हंगाम. आग विझल्यावर संशोधकांपुढे प्रश्न आला: जमिनीचा थर किती जळाला हे मोजायचं कसं? जे जळून गेलं त्याची जाडी कुणी आधी टिपून ठेवलेली नव्हती.

उत्तर खुद्द झाडाने ठेवलं होतं. मॉसचा थर चढत जातो तसं काळ्या स्प्रूसचं खोड खालून पुरलं जातं, आणि ते नव्या थरात नवी आगंतुक मुळं सोडतं. म्हणून सर्वांत वरचं मूळ जुन्या पृष्ठभागाच्या लगत असतं. थर जळाला की ही मुळं काळ्या, वाकड्या बोटांसारखी खोडावर उघडी पडतात. सर्वांत वरच्या मुळापासून आजच्या जमिनीपर्यंत पट्टी धरायची, थोडी दुरुस्ती करायची, की जळालेली खोली हाती येते. झाड मेलेलं असतं, पण त्याची साक्ष उभी असते.

ही मापं आणि तिथे उगवलेली रोपं शेजारी मांडल्यावर चित्र स्पष्ट झालं. जळून उरलेला थर जाड असेल, तर तिथे पुन्हा काळा स्प्रूसच येतो. भूर्ज आणि ॲस्पेन या पानझडी झाडांचं बी अतिशय बारीक असतं. लगेच सुकणाऱ्या त्या जाड थरात त्यांच्या रोपांना तग धरणं जड जातं. पण आग खोलवर जाऊन खालची खनिज माती उघडी पडली, की वाऱ्यावर दूरवरून आलेलं हेच बी सरसावतं आणि काही वर्षांतच सावकाश वाढणाऱ्या स्प्रूसला मागे टाकतं. कुठलं जंगल येणार, हे काही सेंटीमीटरवर ठरतं. जिल जॉनस्टोन आणि टेरी चेपिन या संशोधकांनी हा उंबरठा दाखवून दिला.

यात एक अनपेक्षित वळणही आहे. मिशेल मॅक आणि सहकाऱ्यांनी 2004 च्या आगीतल्या 75 ठिकाणांचा पाठपुरावा करून 2021 मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे स्प्रूसच्या जागी पानझडी झाडं आली, तिथे ती इतक्या झपाट्याने वाढतात की आगीत गेलेला कार्बन भरून निघतो. शंभर वर्षांच्या चक्रात निव्वळ साठा सुमारे पाचपट होऊ शकतो. शिवाय पानझडी रान सहज पेटत नाही, आणि हिवाळ्यात पानं झडल्यावर बर्फावरचा प्रकाश अधिक परावर्तित होतो.

मग तक्रार कसली? एक तर हा नवा साठा लाकडात असतो, जमिनीत नव्हे. तो किती टिकेल हे पुढच्या आगी आणि कीड ठरवणार. दुसरं, मॉस गेलं की खालच्या गोठलेल्या जमिनीचं पांघरूण गेलं. तिसरं, हिवाळ्यात लायकेनवर जगणाऱ्या कॅरिबू हरणांना भूर्जाचं रान कामाचं नाही. मूस या दुसऱ्या हरणासाठी मात्र ते चराऊ कुरण. कॅरिबूच्या शिकारीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या लोकांच्या ताटापर्यंत हा बदल पोचतो.

मुद्दल जळतं तेव्हा

2014 मध्ये कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये असाच प्रचंड हंगाम झाला. झॅन्थी वॉकर, जेनिफर बाल्टझर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोनशेहून अधिक जागी मातीचे नमुने घेतले आणि रेडिओकार्बनच्या साहाय्याने जळालेल्या कार्बनचं वय काढलं. दोन आगींच्या मधल्या काळात साठलेला थर म्हणजे व्याज. त्याआधीच्या आगींतून वाचत आलेला, शेकडो वर्षांचा थर म्हणजे मुद्दल. व्याज जळालं तर पुढच्या शतकात ते पुन्हा जमतं. जुन्या रानांत मुद्दल वाचलं होतं. पण साठ वर्षांहून तरुण रानांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी आगीने मुद्दलालाही हात घातला होता. आग लवकर परतली, मधल्या काळात पुरेसा नवा थर जमला नव्हता, म्हणून ती जुन्या थरात उतरली. अशी जागा कार्बन शोषणारी राहत नाही, सोडणारी होते. 2019 मध्ये ‘नेचर’ने हे संशोधन छापलं.

सारा खंड डोळ्यांपुढे ठेवला तर काय दिसतं? बाल्टझर आणि अनेक संशोधकांनी 1989 ते 2014 मधल्या 58 आगींनंतरच्या 1,538 जागांची माहिती 2021 मध्ये एकत्र मांडली. 62 टक्के ठिकाणी काळ्या स्प्रूसने आपलं स्थान राखलं होतं. मात्र स्प्रूसच्या 1,140 जागांपैकी 18 टक्के ठिकाणी त्याचं एकही नवं रोप उभं राहिलं नव्हतं. पश्चिमेकडे, जिथे हवामान मुळातच कोरडं, तिथे पडझड जास्त. कित्येक हजार वर्षांत न ओलांडलेल्या उंबरठ्याकडे हे जंगल ढकललं जातंय, असा त्यांचा निष्कर्ष.

आग नसतानाही

नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्येच, फोर्ट सिम्पसन गावाच्या दक्षिणेला, स्कॉटी क्रीक नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथे पर्माफ्रॉस्टने फुगवलेली जमीन भोवतालच्या दलदलीपेक्षा किंचित उंच उठलेली असते, आणि काळा स्प्रूस त्या उंचवट्यांवरच उभा राहतो. खालचा बर्फ वितळला की उंचवटा खचतो, झाडं वेडीवाकडी कलतात, मुळांशी पाणी चढतं आणि रान बुडून मरतं. तिथल्या एका अभ्यासक्षेत्रात 1947 ते 2008 या काळात पर्माफ्रॉस्टचं क्षेत्र सुमारे 38 टक्क्यांनी घटलं. 2022 च्या ऑगस्टमध्ये या केंद्राची धुरा स्थानिक डेने लोकांच्या लिइडली कुए फर्स्ट नेशनने हाती घेतली. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, एरवी बर्फाची वाट पाहायच्या दिवसांत वणवा आला आणि केंद्राचा बराच भाग खाक झाला. पुढे ते पुन्हा उभारण्यात आलं.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात याच झाडाच्या दक्षिणेकडच्या काठावर उद्याचं हवामान आजच निर्माण करून पाहिलं जातं. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि अमेरिकी वनसेवा यांनी तिथल्या पीट दलदलीत, स्प्रूस आणि मॉससकट, वरून उघड्या अशा दहा प्रचंड अष्टकोनी खोल्या उभारल्या. 2015 पासून हवा आणि जमीन दोन्ही 9 अंश सेल्सिअसपर्यंत अधिक तापवली; निम्म्या खोल्यांत कार्बन डायऑक्साइडही वाढवला. तापमान चढत गेलं तसं स्फॅग्नम मॉस भराभर ओसरलं, आणि तिथली जमीन कार्बन साठवण्याऐवजी गमावू लागली. 2016 च्या वसंतात तापवलेल्या खोल्यांतली झाडं लवकर पालवली आणि नंतर आलेल्या कडाक्याच्या गारठ्यात करपली. ऊब वाढली म्हणून थंडीचा धोका टळत नाही. तो भलत्या वेळी गाठतो.

हिशेब कुणाच्या खात्यावर?

2023 मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळलं, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास निम्मं. यलोनाइफ हे सुमारे वीस हजार वस्तीचं शहर रिकामं करावं लागलं. जूनमध्ये वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्क आणि न्यूजर्सीचं आकाश नारिंगी झालं; तिथल्या मराठी घरांतल्या खिडक्याही त्या दिवसांत बंद होत्या. या वणव्यांनी पाच महिन्यांत सुमारे 64.7 कोटी टन कार्बन हवेत सोडला, असा अंदाज ‘नेचर’मध्ये 2024 साली आला. जीवाश्म इंधनांतून वर्षाला याहून जास्त कार्बन सोडणारे देश तीनच: चीन, अमेरिका आणि भारत.

पण कॅनडाच्या उत्सर्जन-लक्ष्याच्या बेरजेत हा कार्बन येत नाही. वणवा ही नैसर्गिक आपत्ती, म्हणून तिचं उत्सर्जन वेगळं दाखवलं जातं. कागदावर हे नियमाला धरून आहे. हवेला मात्र टनांच्या नोंदीत फरक करता येत नाही.

खातं कोरं राहिलं की उपायालाही पैसा मिळत नाही. अलास्कात आजवर विझवण्याचं प्राधान्य घरं आणि वस्त्यांना असे. निर्जन रान बहुधा जळू दिलं जाई, आणि काळ्या स्प्रूसच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी शहाणपणाचंही होतं. 2022 च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला, की अलास्कातल्या आगी आटोक्यात ठेवून टाळलेल्या उत्सर्जनाचा खर्च टनामागे 13 डॉलरपेक्षा कमी पडेल. पुढच्याच वर्षी युकॉन फ्लॅट्स अभयारण्यातल्या सुमारे साडेसहा लाख हेक्टरांवरच्या आगी लवकर विझवायच्या, असं ठरलं. तिथे घर वाचवायचं नव्हतं की लाकूड. बर्फाने भरलेली, कार्बनने गच्च जमीन गोठलेलीच ठेवायची होती.

सगळे वणवे विझवणं शक्य नाही आणि इष्टही नाही. शंभर वर्षांनी येणारी आग काळ्या स्प्रूसला हवीच असते. विझवायची ती वीस-तीस वर्षांत परतणारी, मुद्दलापर्यंत उतरणारी आग. ती कुठे लागू शकते हे आता सांगता येतं: मागच्या आगीचं वर्ष, जमिनीची ओल आणि उरलेल्या थराची जाडी पाहून. कॅनडाने 2 अब्ज झाडं लावण्याचा कार्यक्रम 2021 मध्ये हाती घेतला. झाडं लावता येतात, शेकडो वर्षांचा थर लावता येत नाही. आगीनंतरही स्वतःला सावरणाऱ्या त्या 62 टक्के रानांत राखण्याजोगं अजून पुष्कळ आहे. त्यासाठी लागणारा पैसा मात्र या जमिनीतून उडालेला टन कुणाच्या तरी खात्यावर लिहिला गेल्याशिवाय उभा राहणार नाही.