सराव कमी पडला, म्हणून नाव मागे घ्यायचं?

डोंगरातल्या सायकल शर्यतीत तुम्ही हौसेनं नाव घातलंत, तेव्हा हातात चांगले दोन महिने होते. रोज पहाटे तासभर सायकल काढायची, असं ठरलंही होतं. मग मुलांच्या परीक्षा आल्या, सासूबाईंचा गुडघा धरला, चार दिवसांसाठी आलेले पाहुणे आठवडाभर राहिले. आता शर्यत आठ दिवसांवर आली आहे आणि झालेला सराव हाताच्या बोटांवर मोजून संपतो. "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू," असं मनात येतंय ना?

मैत्रिणींनो, जरा थांबा. पुढच्या वर्षीही परीक्षा असतील आणि पाहुणेही असतील! संसारी बाईचा सराव पुरा होण्याची वाट बघायची, तर सायकल कायम जिन्याखालीच राहायची. तेव्हा जेवढा सराव झाला आहे, तेवढ्यावर शहाणपणानं कसं जायचं, ते बघू या.

पुण्याच्या प्रीती मस्के यांचं नाव तुम्ही वाचलं असेल. दोन मुलांच्या ह्या आई चाळिशीच्या आसपास, आजारपण आणि मनाची उदासी घालवण्यासाठी सायकलकडे वळल्या. जून २०२२ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांनी लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर अंतर एकटीनं ५५ तास १३ मिनिटांत पार केलं. त्यांची तयारी आपल्यापेक्षा कितीतरी पक्की होती, मदतीला माणसं होती. तरीही उंचावर दम लागला, तेव्हा त्यांनी वाटेत दोनदा प्राणवायू घेतला आणि मग पुढं निघाल्या. थांबण्यात कमीपणा नाही, एवढं त्यांच्याकडून घ्यावं.

आठ दिवसांत काय करावं?

तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो. आठ दिवसांत पायांत नवी ताकद येत नाही, उलट घाईघाईनं केलेल्या सरावाचा शीण मात्र शर्यतीपर्यंत पुरतो. म्हणून एकच फेरी चढाची करा आणि तीही पाच-सहा दिवस आधी.

भिंगारकर बायकांना त्यासाठी लांब जायला नको. पाथर्डी रस्त्याला लागलं की शहा डोंगरावरचा चांदबिबी महाल दिसतो. (नाव चांदबिबीचं असलं, तरी कबर सलाबतखानाची, हे तुम्हाला ठाऊक आहेच!) रस्त्यावर ट्रकची वर्दळ फार, तेव्हा उजाडता उजाडता दोघी-तिघींनी एकामागून एक निघावं. डोंगर चढताना घड्याळ बघू नका. बरोबरच्या मैत्रिणीशी एक पुरं वाक्य न अडखळता बोलता येतंय का, तेवढं बघा. ज्या वेगात बोलता येतं, तोच तुमचा शर्यतीतला वेग.

उरलेल्या दिवसांत सायकलकडे लक्ष द्या. ब्रेक, चेन, टायर दुकानात तपासून घ्या. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. सीट खाली असली की गुडघे बोलू लागतात. हेल्मेट डोक्याला घट्ट बसतं ना, तेही पाहा. नवे बूट, नवे कपडे त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

आणि एक महत्त्वाचं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. घरचा जिना चढतानाच तुम्हाला धाप लागत असेल, तर "सराव नाही ना, म्हणून" असं म्हणून सोडून देऊ नका. आधी रक्त तपासून घ्या, डॉक्टरांना विचारा. शर्यतीचं मग ठरवा.

शर्यतीच्या दिवशी

दोन-तीन तास आधी नेहमीचे पोहे किंवा उपमा खाऊन निघा. उपाशीपोटी किंवा नुसत्या चहावर जाऊ नका. वाटेत भूक लागायच्या आत अर्ध्या-पाऊण तासानं केळं, खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू खा. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरोबर ठेवा.

सुरुवातीला सगळ्या सुसाट सुटतात. सुटू द्या! पहिल्या चढावर त्यांतल्या काही जणी तुम्हाला भेटतीलच. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका. मध्येच जोर लावून टाकला तर चेन उतरते. दगडगोट्यांचा चढ झेपला नाही, तर उतरून सायकल ढकला. ह्या खेळात ते नियमाला धरून आहे. ही शर्यत १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये होते आणि तिथले खेळाडूसुद्धा प्रसंगी सायकल घेऊन पळतात.

खरी काळजी उताराची. दमलेल्या हातांनी ब्रेक उशिरा लागतो. वळणाच्या आधीच वेग कमी करा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. नुसता पुढचा करकचून दाबलात, तर सायकलवरून पुढं फेकल्या जाल. अंग थोडं मागं ठेवा.

छातीत दडपण, चक्कर, उन्हातही अंगावर शहारे, यांतलं काही जाणवलं की तिथंच थांबा आणि स्वयंसेवकांना सांगा. "नाव घातलंय, आता लोक काय म्हणतील?" हा विचार अशा वेळी करायचा नाही. कुठं परत फिरायचं, हे घरून निघतानाच ठरवून ठेवावं.

घरी आल्यावर "कितवी आलीस?" असं विचारतीलच. शेवटून पहिली आला असाल, तर तेही हसत सांगा. पण त्याच बैठकीत एक गोष्ट मागून घ्या: आठवड्यातल्या दोन सकाळी. त्या दोन दिवशी दूध तापवणं आणि मुलांचे डबे दुसऱ्या कुणाकडे तरी. आपल्या बहुतेकींचा सराव पाय दुखतात म्हणून राहत नाही, ह्याच दोन कामांपायी राहतो. एवढं मिळालं, तर पुढच्या शर्यतीचं नाव घालताना छातीत धडधडणार नाही.