मी उद्या येईल
लेखमाला : बोलीचं घर – भाग ७

मागच्या आठवड्यात आपण ब्रिटनमध्ये होतो. १९२२ साली सुरू झालेल्या बीबीसीनं तिथल्या महागड्या शाळांमधून शिकलेल्या लोकांचा उच्चार सगळ्या देशाच्या कानावर कसा बसवला, ते पाहिलं. १९४१ साली यॉर्कशायरचा विल्फ्रेड पिकल्स आपल्या उत्तरेकडच्या उच्चारात राष्ट्रीय बातम्या वाचायला लागला, तेव्हा ऐकणाऱ्यांनी कशा तक्रारी केल्या, तेही पाहिलं. आज आपल्या घराकडं येऊ. लातूरहून आणि नांदेडहून रात्री पुण्याला निघणाऱ्या गाड्यांमधून हजारो मुलंमुली शिकायला, नोकरीला जातात. सोबत धपाट्यांचा डबा असतो, चटणीची बरणी असते आणि जिभेवर एक बोली असते. डबा दोन दिवसांत संपतो. बोलीचं काय होतं, हा आजचा विषय.

गेल्या वर्षी भाच्याच्या खोलीवर मुक्कामाला होतो. पुण्यातल्या एका पेठेतली तिसऱ्या मजल्यावरची खोली. तीन कॉट, तीन टेबलं, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. भाचा आमच्या अहमदपूरचा, दुसरा मुलगा साताऱ्याचा, तिसरा पुण्याचाच. रात्री नवाच्या सुमाराला भाच्याचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं, उठला आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. दार पुरतं लागत नव्हतं, म्हणून मला ऐकू आलं.

"काय करलालास रे?" ताईचा आवाज नेहमीसारखाच मोठा.

"अभ्यास करलालो, माय. जेवन झालं. मामा बी हायत इथं."

फोन संपला. तो आत आला आणि मित्रांना म्हणाला, "आईचा फोन होता. अभ्यास करतोय म्हणून सांगितलं." गॅलरी ते कॉट, जेमतेम पाच पावलं. तेवढ्यात 'माय'ची 'आई' झाली आणि 'करलालो'चं 'करतोय' झालं. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मला मात्र माझे जुने दिवस आठवले.

मी पुण्यात कॉलेजला आलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात भर वर्गात म्हणालो, "सर, मी उद्या पैसे आनून देईल." वर्ग हसला. सरांनी माझं वाक्य फळ्यावर लिहून दोन चुकांखाली रेघा ओढल्या. 'आनून'खाली एक, 'देईल'खाली एक. त्यांच्या मनात वाईट काही नसावं. पण त्यानंतर अख्खं सत्र मी वर्गात तोंड उघडलं नाही. उत्तर येत असायचं, हात वर जात नसायचा. त्या दोन रेघांचा हिशेब आज नीट मांडायचा आहे.

पहिली रेघ : 'आनून'

आमच्याकडं पाणी 'पानी' असतं, कोण 'कोन' असतो. ण म्हणणारा शिकलेला आणि न म्हणणारा अडाणी, हे आपण इतकं गृहीत धरलेलं आहे की त्यामागं कारण असेल असंच वाटतं. कारण शोधायला दोन हजार वर्षं मागं जाऊ. गोदावरीकाठचं पैठण ही सातवाहनांची राजधानी. त्या घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेला 'गाथासप्तशती' हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि त्या प्राकृतात न जवळजवळ सगळीकडं ण होतो. नदीला 'णई' म्हणतात. जुनं ते शुद्ध धरायचं, तर आज पुण्यानं आणि नांदेडनं दोघांनीही 'णई' म्हणायला हवं. तसं कुणी म्हणत नाही. पुढं मराठीत काही ण परत न झाले, काही ण राहिले. आमच्या बोलीत उरलेलेही न झाले. भाषेत आवाज असेच सरकत राहतात. सरकलेल्या आवाजाला चूक म्हणायचं, तर प्रमाण मराठीतलीही अर्धी अक्षरं पुसावी लागतील.

दुसरी रेघ : 'देईल'

प्रमाण मराठीत 'मी देईन' आणि 'तो देईल' अशी दोन रूपं आहेत. मराठवाड्यात दोन्हीकडं 'देईल' येतं. यानं अर्थाचा घोटाळा होतो का? होत नाही, कारण 'मी' समोरच बसलेला असतो. इंग्रजीतही हेच घडलं. तिथं व्याकरणाची जुनी पुस्तकं 'आय'बरोबर 'शॅल' आणि 'ही'बरोबर 'विल' शिकवायची. आज बहुतेक इंग्रज 'आय विल' म्हणतात आणि त्यांना कुणी हसत नाही. एकाच प्रकारचा बदल लंडनमध्ये झाला की भाषेची वाटचाल ठरतो आणि लातूरमध्ये झाला की चूक ठरतो.

'करलालास'चं व्याकरण

आता ज्या रूपाला सगळ्यात जास्त हसतात त्याच्याकडं वळू. लातूर, उदगीर, अहमदपूरकडं 'काय करलालास?' म्हणतात. कुठं त्याचंच 'करूलालास' होतं. नांदेडकडं 'काय करायलास?' ऐकू येतं. सावकाश म्हणून बघा : 'करू लागलास' हे घासत घासत 'करूलालास', 'करलालास' झालेलं दिसतं आणि 'करायला लागलास' आटून 'करायलास' झालेलं. 'करतो आहेस' आटून जसं 'करतोयस' झालं, तसंच हे. पुण्यानं 'आहे' जोडून काम चालवलं, आम्ही 'लागणे' जोडून. दोन्ही रूपं एकच गोष्ट सांगतात : काम आत्ता, या क्षणाला चालू आहे. दोन्हींना पुरुष, लिंग, वचन यांचे नियम आहेत, आणि आमच्या रूपाचे नियम आमच्याकडचं चार वर्षांचं पोर न चुकता पाळतं.

शब्दांचीही अशीच गोष्ट. कंत्राटदाराला आम्ही 'गुत्तेदार' म्हणतो. 'गुत्ता' हा शेजारच्या तेलुगूचा शब्द. खिशातल्या रुमालाला 'दस्ती' म्हणतो. हात या अर्थाचा फारसी 'दस्त' दख्खनीतून आमच्या खिशात आला. लातूर आणि धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, कोपीपुढं पूजा मांडतं, भज्जी आणि आंबील खातं. त्या सणाला 'येळवस' म्हणतात. शहाण्यासुरत्यांनी कागदावर त्याची 'वेळा अमावस्या' केली. खरं तर शेजारच्या कर्नाटकात तिळाला 'एळ्ळू' म्हणतात आणि सणाला 'एळ्ळ अमावास्ये'. शब्द 'शुद्ध' करायला गेलो आणि त्यातला तीळच सांडून बसलो. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, निलंगा-उदगीरकडं कानडी, किनवट-माहूरकडं गोंडी आणि कोलामी, तांड्यातांड्यांवर गोरबोली, गुरुद्वाऱ्यामुळं नांदेडात पंजाबी. एवढ्या शेजाराचा हिशेब आमच्या बोलीत जपून ठेवलेला आहे.

पुण्याची बोली 'प्रमाण' कशी झाली?

भाषेत गुण जास्त म्हणून कुठलीही बोली प्रमाण होत नाही. छापखाना, शाळा आणि कचेरी ज्यांच्या हाती आधी येते, त्यांची बोली प्रमाण होते. मुंबई इलाख्यात हे एकोणिसाव्या शतकात घडलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली. सरकारी शाळांच्या छापील पुस्तकांना एक ठरलेली मराठी हवी होती, आणि तिचा पाया पुण्याकडच्या शिकलेल्या, मुख्यतः ब्राह्मण घरांतल्या बोलीचा झाला. कोकणातली, खानदेशातली, त्याच पुण्यातली शेतकऱ्या-कारागिरांची बोली त्या पुस्तकांच्या बाहेर राहिली.

मराठवाडा तर त्या इलाख्यातच नव्हता. आम्ही निजामाच्या राज्यात. कारभार उर्दूत चालायचा. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झालं, तेही उर्दू माध्यमाचं. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांना दरखास्त उर्दूत लिहिता यायची. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात. आम्ही मराठी राज्यात आलो, तेव्हा 'शुद्ध मराठी' आधीच ठरून, छापून, बांधून तयार होती. तिच्या ठरवण्यात आमचा एक शब्दही विचारला गेला नव्हता.

आणि हे कुणाच्या बाबतीत? ज्या मातीत मराठी वाङ्मयाचा आरंभ झाला, तिच्याच बाबतीत. ज्ञानेश्वरांचं आपेगाव, नामदेवांची नरसी, जनाबाईंचं गंगाखेड, एकनाथांचं पैठण, मुकुंदराज आणि दासोपंतांचं अंबाजोगाई, ही सगळी गावं आजच्या मराठवाड्यातली. ज्या मातीचा शब्द साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे, त्या मातीतल्या पोरांनी तोंड उघडताना बिचकावं, याचं मला मनापासून दुःख होतं.

रंगमंच आणि कादंबरी

बोली आणि वर्ग यांचं नातं दाखवणारं बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' लंडनला १९१४ साली रंगमंचावर आलं. १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी त्याची 'ती फुलराणी' केली. भक्ती बर्वे यांची मंजुळा महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. प्राध्यापक जहागीरदार फुलवालीची बोली बदलतात आणि तिच्याकडं बघणाऱ्यांची नजर बदलते. नाटक पाहताना आपण तिच्या कष्टावर प्रेम करतो. पण त्यातला एक धडा आपण फारसा घेतला नाही : उच्चार बदलण्याआधी ती बाई जेवढी हुशार होती, तेवढीच नंतरही होती. तोलणाऱ्यांचा काटाच खोटा होता.

आमच्या बोलीला नाटक-सिनेमात बराच काळ नोकर, चोर आणि विनोदी माणूस एवढीच कामं मिळाली. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी ढंग घेऊन नायकाच्या जागेपर्यंत मजल मारली, आणि २०१६ साली 'सैराट'मध्ये करमाळ्याकडच्या बोलीत प्रेम झालं, भांडण झालं, मरण झालं. प्रेक्षक हसला आणि रडलासुद्धा.

पुस्तकात हे त्याच्या खूप आधी घडलं. १९६२ साली शासनानं मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत एक भेद आहे : 'असं केलं' ही रूपं पात्राच्या तोंडी घालावीत, एरवीच्या लेखनात 'असे केले' लिहावं. म्हणजे बोलणारा माणूस अवतरणचिन्हात आणि लेखक बाहेर. लातूर तालुक्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे यांनी १९७१ साली 'पाचोळा' लिहिली आणि ती भिंत पाडली. गंगाराम शिंप्याची बायको पारबती ती कादंबरी सांगते, तिच्याच बोलीत. तिचं दुःख समजावून सांगायला मधे कुणी प्रमाण मराठी बोलणारा उभा नाही. लातूर जिल्ह्यातल्याच धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बोलीत मोठं, गंभीर, टिकाऊ लिहिता येतं का, या प्रश्नाचं उत्तर त्यामुळं कधीच देऊन झालेलं आहे.

मग शिकवायचं काय?

प्रमाण मराठी शिकवायचीच. अर्ज, निकालपत्र, औषधाची चिठ्ठी चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंत सगळ्यांना सारखी कळावी, यासाठी एक सामाईक भाषा लागते. मी स्वतः ती शिकलो, हा लेखही बराचसा तिच्यातच लिहितो आहे. माझं मागणं वेगळं आहे. शिकवताना 'हे चूक, ते बरोबर' असं न म्हणता 'हे घरचं, ते कागदावरचं' असं म्हणावं. मुलाचं उत्तर आधी ऐकावं, उच्चार नंतर. मुलाखत घेणाऱ्यांनी 'पानी' ऐकून माणसाची किंमत करू नये. परीक्षांच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'नं सिद्ध केलं की आमची मुलं कुठल्याही परीक्षेत पुढं येतात. मार्कांत पुढं आलेल्या मुलाला तोंडी बोलताना मागं बसायला लागू नये.

कारण बोली सोडण्याची किंमत घरी मोजावी लागते. पहिल्या दिवाळीला मी गावी गेलो आणि सवयीनं म्हणालो, "मी येतोय ना." आजीनं माझ्याकडं बघितलं आणि माय‌ला म्हणाली, "पावन्याला पानी दे गं." पुण्यात मी गावाकडचा होतो, गावात पाहुणा झालो. बोली बदलणारी मुलं दोन्हीकडं अशी उंबऱ्यावर उभी राहतात.

भाच्याच्या खोलीवर दुसऱ्या रात्री पुन्हा फोन आला. तो उठायला लागला तसं मी म्हणालो, "बस की इथंच." तो थोडा घुटमळला आणि कॉटवर बसूनच बोलला. फोन ठेवल्यावर साताऱ्याच्या मुलानं विचारलं, "करलालो म्हणजे करतोय का रे?" भाचा हो म्हणाला. मुलाला गंमत वाटली, टिंगल नव्हे. त्यानं म्हणून बघितलं : "तू करलालास, तो करलालाय, ती करलालाय."

"ती करलालीय," भाचा म्हणाला. "ती असल्यावर लालीय."

"ती करलालीय," सातारचा मुलगा म्हणाला, आणि पुण्याचा मुलगाही पुस्तक खाली ठेवून म्हणून बघायला लागला. कुणाच्याही शब्दाखाली रेघ ओढली गेली नाही, तरी तिघांनाही कळलं की या बोलीत चुकता येतं, म्हणजे तिला नियम आहेत.

(पुढच्या भागात : उदगीर, देगलूर आणि बिलोलीकडची घरं, जिथं एकाच ओसरीवर मराठी, कानडी आणि तेलुगू बोलली जाते.)